द्राक्षमळ्याच्या फाटकाशी

आमच्या शब्बाथ शाळेच्या शिक्षकांची एक जुनी अडचण आहे. योहानकृत शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय शिकवावयाचा म्हणजे वेल, फाटा, माळी, छाटणी हे सर्व आलेच. परंतु सौंसर-पांढुर्ण्याच्या मुलांनी द्राक्षाची वेल कोठे पाहिलेली असते? आमचा मुलूख संत्र्यांचा आणि कपाशीचा. आंबिया बहार व मृग बहार यांतील भेद येथील सात वर्षांचे पोरही सांगेल, पण द्राक्षे म्हणजे त्याला बाजारातील हातगाडीवरची वस्तू. म्हणून गेल्या फेब्रुवारीत मंडळीच्या सहलीसाठी नाशिकचे नाव निघाले, तेव्हा सर्वांना आनंद झाला. द्राक्षमळा पाहावा, जमल्यास शिक्षकांनी एखादे वाळलेले फाटे बरोबर आणावे, आणि पुढच्या रविवारी ते वर्गात दाखवावे, असा साधा हेतू होता.

नागपूरहून रात्रीच्या गाडीने आम्ही निघालो व सकाळी नाशिकरोडला उतरलो. पहिला दिवस शरणपूर पाहण्यात गेला. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात मिशनने वसविलेली ही ख्रिस्ती वस्ती. गुलामांच्या जहाजांतून सोडविलेल्या आफ्रिकी मुलांना येथे आश्रय व शिक्षण मिळाले, आणि त्यांतीलच जेकब वेनराइट हा पुढे डॉ. लिव्हिंगस्टनचा मृतदेह आफ्रिकेच्या अंतर्भागातून समुद्रकाठापर्यंत आणणाऱ्यांमध्ये होता. लक्ष्मीबाई टिळकांचे अखेरचे दिवसही नाशिकातच गेले. १९३६ मध्ये त्या तेथेच प्रभूमध्ये निजल्या. असा हा गाव मराठी ख्रिस्ती माणसाला परका नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही गंगापूर धरणाच्या बाजूला गेलो. पूर्वी नाशिकची द्राक्षे म्हणजे खाण्याची द्राक्षे. आता चित्र पालटले आहे. राजीव सामंत यांनी १९९९ मध्ये स्थापन केलेल्या सुला या कारखान्याची पहिली वाइन २००० साली निघाली. २००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे स्वतंत्र धोरण काढले. नाशिक जिल्ह्यात विंचूर येथे व सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्क उभे राहिले. त्यामागोमाग मळे व कारखाने पाहावयास येणाऱ्यांची रीघ लागली. तिकीट काढावे, मळ्यातून फिरावे, रस कसा आंबतो ते पाहावे, आणि शेवटी एका दालनात बसून थोडी थोडी चव घ्यावी, असा हा प्रवाशांचा ठरलेला क्रम झाला आहे.

अशाच एका मळ्याच्या फाटकाशी आमची गाडी थांबली, आणि तेथे प्रश्न उभा राहिला.

आमच्याबरोबर एक बंधू होते. त्यांचे नाव सांगण्याची जरुरी नाही. मंडळीत सर्व त्यांना भाऊ म्हणतात. पुष्कळ वर्षे ते दारूच्या पायी घरादाराला पारखे झाले होते. सात वर्षांपूर्वी त्यांनी ती सोडली व पुन्हा तिला शिवले नाहीत. फाटकावरची पाटी त्यांनी वाचली आणि शांतपणे म्हणाले, “तुम्ही पाहून या जी. मी इथंच बसतो.”

आमच्यातील एका तरुण शिक्षिकेने तेवढ्यात विचारले, “काकाजी, काना गावच्या लग्नात प्रभूनेच पाण्याचा द्राक्षारस केला ना? मग नुसते पाहायला काय हरकत आहे? आणि कुणी घोटभर चव घेतली, तर ते पाप होईल का?”

आम्ही उत्तर दिले, “चव कोणी घेणार नाही. पाहून येऊ.” आणि आम्ही आत गेलो. भाऊ फाटकाजवळच्या दगडावर बसून राहिले.

आत जे पाहिले ते खरोखर पाहण्याजोगे होते. द्राक्षे चिरडण्याचे यंत्र, पोलादाच्या उंच टाक्या, त्यांच्यातील थंडावा राखण्याची व्यवस्था. किण्व साखर खाते व तिचे मद्यार्क आणि वायू यांत रूपांतर करते, हे तेथील माणसाने समजावून दिले. तांबडी वाइन सालींसकट आंबवितात आणि पांढरीचा रस आधीच सालींपासून निराळा करतात, हेही कळले. शेवटी चव घेण्याच्या दालनाशी आलो. महाराष्ट्रात वाइन पिण्यास वयाची २१ वर्षे पुरी व्हावी लागतात, म्हणून लहानांना तेथे मनाईच होती. मोठ्यांपैकीही कोणी प्याला उचलला नाही. आम्ही परत फिरलो आणि, खरे सांगावयाचे तर, मनातल्या मनात स्वतःवर खूष झालो. पाहिलेही, आणि शब्दही राखला!

फाटकाशी आलो तो भाऊ उन्हात बसलेले. दीड तास होऊन गेला होता. त्यांना पाहिल्याबरोबर आमचा आनंद ओसरला.

वाचकहो, त्या शिक्षिकेचा प्रश्न आम्ही तेव्हा टाळला होता. त्याचे उत्तर देणे आमच्याकडे राहिले आहे, म्हणून हा लेख.

पहिली गोष्ट प्रामाणिकपणे कबूल करू. द्राक्षारस ही वस्तू स्वभावतःच पापमय आहे, असे पवित्र शास्त्रावरून सिद्ध करता येत नाही. काना येथील चिन्ह आहे. तीमथ्याला पोटाच्या विकारासाठी पौलाने दिलेला सल्ला आहे. स्वतः प्रभूला त्याच्या वैऱ्यांनी दारूबाज म्हणून हिणविले होते. त्याच शास्त्रात दुसरी बाजूही आहे. द्राक्षमळा लावणारा पहिला माणूस नोहा, आणि मद्याने बेशुद्ध होऊन उघडा पडलेला पहिला माणूसही तोच. नाजीराचे व्रत घेणारा द्राक्षेदेखील खात नसे. यिर्मयाच्या पस्तिसाव्या अध्यायात रेखाबी घराण्यापुढे प्याले भरून ठेविले असता त्यांनी ते नाकारले, आणि देवाने त्यांच्या निष्ठेची वाखाणणी केली. दोन्ही बाजूंची वचने काढून भांडत बसलो, तर संध्याकाळपर्यंत निकाल लागावयाचा नाही.

आपल्या मराठी मंडळ्यांनी फार पूर्वीच एक रीत स्वीकारली. प्रभुभोजनासाठी आपण पुष्कळ ठिकाणी न आंबलेला रस वापरतो. कित्येक खेड्यांत पाळकांच्या घरी मनुका भिजवून व उकळून तो करीत. ही रीत जगातही अनेक ठिकाणी आहे. अमेरिकेतील व्हाइनलँड गावी टॉमस वेल्च नावाच्या मेथडिस्ट दंतवैद्याने १८६९ मध्ये रस तापवून तो आंबू न देण्याची युक्ती साधली, ती प्रभुभोजनाच्या मेजासाठीच. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत होत्या. दारूच्या विरुद्ध उभ्या राहिलेल्या तेथील स्त्रियांच्या संघाविषयी त्यांनी आपल्या प्रवासवृत्तात आदराने लिहिले. दारू कोणी पितो आणि तिचे दुःख कोणी भोगतो, हे त्या स्त्रियांना पुस्तकांतून शिकावे लागले नव्हते.

आता दुसरी बाजू मांडणारे बंधू काय म्हणतात तेही ऐकावे. ते म्हणतात, वाइन म्हणजे गुत्त्यावरची दारू नव्हे. तीत मद्यार्क शंभरात बारा-तेरा भाग. तिने शेतकऱ्याला भाव मिळतो, मजुराला काम मिळते. पहिल्या मुद्द्याविषयी इतकेच म्हणू की जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने जानेवारी २०२३ मध्ये, मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास निर्धोक म्हणता येत नाही, असे स्पष्ट सांगितले आहे. दुसरा मुद्दा खोटा नाही. द्राक्षाच्या बागेवर हजारो घरे जगतात, आणि त्यांना तुच्छ लेखण्याचा आपणास अधिकार नाही. पण तो आधारही वाटतो तितका पक्का नाही. २००८ च्या मंदीनंतर वाइनचा खप घटला, तेव्हा नाशिककडील कित्येक शेतकऱ्यांना वाइनची द्राक्षे उपटून टाकावी लागली. चैनीच्या वस्तूवर उभे राहिलेले पीक चैन थांबली की कोसळते.

आम्हांला अधिक बोचते ती तिसरीच गोष्ट. २०२२ साली आपल्या दोन्ही शेजारी राज्यांत एकाच सुमारास दोन निर्णय झाले. महाराष्ट्रात मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचे मंत्रिमंडळाने जानेवारीत ठरविले आणि त्यावर मोठा गदारोळ झाला. मध्य प्रदेशात मोहाच्या फुलांच्या दारूला ‘हेरिटेज’ मद्य म्हणून मान्यता देणारे धोरण आले. काल जिला हातभट्टी म्हणत होते, ती उद्या सुबक बाटलीत बसून वारसा होणार! सातपुड्याच्या पायथ्याचा गोंड मजूर मोहाची घेऊन रस्त्यात पडला, तर आपण त्याला दारुडा म्हणतो. शहरचा माणूस तिकीट काढून, प्याला फिरवून, वास घेऊन तेच मद्यार्क घेतो, तर त्याला रसिक म्हणतो. आमचे म्हणणे दोघांनाही शिव्या द्याव्या असे नाही. म्हणणे एवढेच की देवाच्या तराजूत निरनिराळी वजने नाहीत. खिशातील पैशावरून एकाचे व्यसन आणि दुसऱ्याची संस्कृती ठरत असेल, तर ते माप ख्रिस्ती माणसाने वापरू नये.

कायद्याने हा प्रश्न सुटेल काय? विदर्भात वर्धा जिल्हा १९७४ पासून व गडचिरोली १९९३ पासून दारूबंदीत आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. आपल्या बाजूला मध्य प्रदेशात १ एप्रिल २०२३ पासून दुकानांना लागून असलेले आहाते बंद झाले, आणि १ एप्रिल २०२५ पासून शेजारच्या मुलताईसह १९ धार्मिक स्थळी दारूची दुकाने बंद झाली. कायदा वाट अडवू शकतो, आणि अडवावी हे बरेच आहे. पण फाटकाशी बसलेल्या भावाजवळ कोणी बसावे, हे कोणत्याही कायद्यात लिहिता येत नाही.

येथे पौलाची आठवण होते. मूर्तीला वाहिलेल्या मांसाविषयी करिंथ येथे असाच वाद होता. मूर्ती काहीच नाही, मग मांस खाण्यात दोष कोणता, असे काही म्हणत. पौलाने त्यांचे ज्ञान खोडून काढले नाही. त्याने प्रश्नच बदलला. वस्तू निर्दोष आहे की नाही एवढेच पाहू नका. तुमच्या मोकळेपणाने ज्याला ठेच लागते त्या भावाकडे पाहा, असा त्याचा रोख आहे. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात तर तो मांसाबरोबर द्राक्षारसाचेही नाव घेतो.

ही वचने आम्ही कित्येकदा शिकविली आहेत. शिकविताना आमच्या मनात नेहमी असेच असे की आपण सबळ, आणि ज्याच्यासाठी थोडे सोसावयाचे तो दुर्बळ. त्या दिवशी फाटकाशी मात्र आम्हांला उलटे दिसले. आपल्या मनाची तटबंदी कोठे कच्ची आहे हे ज्याने ओळखले, आणि लाज न बाळगता बाहेर बसण्याचे ज्याने ठरविले, तो माणूस दुर्बळ कसा? ज्यांना दीड तासाची एक सहल सोडवली नाही ते आम्हीच दुर्बळ. आम्ही प्याल्याला हात लावला नाही हे खरे. पण नियम आम्ही स्वतःसाठी पाळला, आणि भावाला उन्हात ठेविले. त्याच्यासाठी काही सोडणे आमच्या मनातही आले नाही. नियम पाळूनही प्रीती मोडता येते, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

आणि गंमत पाहा. ज्यासाठी आम्ही नाशिकला गेलो होतो तो धडा भाऊंनीच आणला. ते बसले होते तेथे घड तोडणाऱ्या बाया दुपारची भाकर खाण्यास आल्या. त्या पेठ-सुरगाण्याकडच्या. भाऊंनी त्यांना वेलीविषयी विचारले. परतीच्या गाडीत ते आम्हांला सांगू लागले, “वेलीला वर्षातून दोनदा कापतात जी. एप्रिलात खरड छाटणी, मग आक्टोबराकडं गोडी छाटणी. कापलं नाही तर नुसता पाला वाढते, घड येत नाही. आणि त्या बाई म्हणे, आम्ही इतकी वर्षं घड तोडतो, पण आत काय आहे ते कधी पाहिलं नाही.”

डब्यात कोणी काही बोलले नाही. आम्ही तिकीट काढून आत गेलो होतो. मळा पिकविणारी बाई आणि आमचा भाऊ दोघेही बाहेर होते. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील मळ्याचा धनी स्वतः बाजारात जाऊन मजुरांना बोलावून आणतो. मोशेच्या नियमशास्त्रात तर वेचून राहिलेली द्राक्षे परक्यासाठी, पोरक्यासाठी व विधवेसाठी ठेवण्याची आज्ञा आहे. शास्त्रातील द्राक्षमळ्याचे फाटक असे आत घेण्यासाठी असते.

तर मग काय करावे? ख्रिस्ती माणसाने द्राक्षमळ्याकडे पाहूच नये, असा नियम आम्ही घालीत नाही. मळा अवश्य पाहावा, मुलांना दाखवावा, तेथे राबणाऱ्या हातांशी बोलावे. पण मंडळीची सहल म्हणून जेव्हा आपण जातो, तेव्हा आपल्यातील एकही जण बाहेर बसून राहील असा कार्यक्रम आखू नये. तसा प्रसंग आलाच, तर सर्वांनी त्याच्याबरोबर बाहेर बसावे. आणि जे कधीच घेत नाहीत त्यांनी त्याचा अभिमान मिरवू नये. रेखाबी घराण्याने प्याले नाकारले, पण त्याचा डांगोरा पिटला नाही.

पुढच्या रविवारी शब्बाथ शाळेत पंधरावा अध्याय शिकविला गेला. वर्गापुढे वाळलेला फाटा हातात धरून भाऊच उभे होते. खरड छाटणी व गोडी छाटणी यांचा अर्थ त्यांनी मुलांना समजावून सांगितला. स्वतःविषयी ते एक अक्षर बोलले नाहीत. पण मागच्या बाकावर बसलेल्या आम्हां मोठ्यांना कळले की छाटलेला फाटा फळ कसे देतो, ते आम्ही डोळ्यांनी पाहत आहोत.