कवडीमोल

तुच्छता दर्शविणाऱ्या आपल्या शब्दांची वंशावळ तपासू लागले, म्हणजे त्यांतील पुष्कळसे खळ्यावर जन्मलेले दिसतात. फोल म्हणजे दाणा नसलेले टरफल, पोचट म्हणजे न भरलेला दाणा, कस्पट म्हणजे वाऱ्यावर उडणारी काडी. आणि खुद्द 'तुच्छ' हा शब्द नासदीय सूक्तात रिक्त, शून्य अशाच अर्थाने आलेला असून संस्कृत कोशांनी त्याचा कोंडा असाही अर्थ दिलेला आहे. या शब्दांत कठोरपणा आहे, परंतु अन्याय नाही. सूप वाऱ्यावर धरले आणि जे आतून रिकामे होते ते उडून गेले, एवढाच त्यांचा निवाडा.

'कवडीमोल'चे कुळ निराळे, ते बाजारातले. भास्कराचार्यांनी 'लीलावती'च्या आरंभी दिलेल्या कोष्टकाप्रमाणे वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण आणि सोळा पणांचा एक द्रम्म, म्हणजे एका द्रम्माच्या 1280 कवड्या होतात. हा हिशेब कांद्याची बाजारपेठ असलेल्या लासलगावला परका नव्हे; तेथून आगगाडीने मनमाड-नांदगाववरून चाळीसगावास उतरले, तर जवळच्या पाटण येथे त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने स्थापिलेल्या मठाचा शिलालेख आहे. मालदीवच्या समुद्रातून येणारी कवडी बंगालमध्ये तर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत चलनात होती. ती लहान होती, खोटी नव्हती.

लासलगावच्या बाजार समितीत लिलावाच्या वेळी गोल्टीचा, म्हणजे लहान कांद्याचासुद्धा, वेगळा भाव पुकारला जातो. म्हणजे लहानाला लहान म्हणण्याची रीत तेथे आहे आणि तिच्याबद्दल कोणाची तक्रार नाही. तक्रार आहे ती भरलेल्या कांद्याला फोलाचा दर मिळण्याबद्दल. फेब्रुवारी 2023 मध्ये सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याच्या 512 किलो कांद्याच्या पट्टीतून हमाली, तोलाई, भाडे आदी वजा जाता त्याच्या हाती 2 रुपये 49 पैसे उरले. द्रम्माला रुपया मानण्याची मुभा घेतली (इतिहासकार क्षमा करोत), तर ही रक्कम किलोमागे सुमारे सहा कवड्या भरते, आणि एक अलंकारिक शब्द अक्षरशः खरा ठरतो.

आवक वाढली की भाव उतरतो आणि लाल कांदा चाळीत साठवून फार काळ टिकत नाही, हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. परंतु 19 ऑगस्ट 2023 रोजी कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क बसले आणि 8 डिसेंबर रोजी निर्यातच बंद झाली, तेव्हा त्या दोन दिवशी चाळीतला वा शेतातला एकही कांदा आतून पोचट झालेला नव्हता. तरीही आपण म्हणतो, 'कांदा कवडीमोल झाला'. जणू पोचटपणाप्रमाणे हाही त्या मालाचाच एक अंगभूत दोष असावा. या वाक्यात कर्ता कांदा आहे, करणारा मात्र कोठेच नाही, आणि ज्या अवहेलनेला करणाराच नाही तिचा जाब कोणाला विचारावा?

निफाड तालुक्यातील एका शेतकऱ्याने 2018 च्या नोव्हेंबरअखेरीस या व्याकरणातून आपल्यापुरती वाट काढली. 750 किलो कांद्याचे आलेले 1064 रुपये त्याने मनीऑर्डरने थेट पंतप्रधानांकडे पाठविले. त्या कृतीचे मोल रकमेत नाही, पत्त्यात आहे. कारण मनीऑर्डरच्या अर्जावर घेणाऱ्याचे नाव लिहावेच लागते. पत्ता बरोबर होता की नाही, यावर वाद घालता येईल, पण कोणता तरी पत्ता असला पाहिजे, ही त्याची समज आपल्या वृत्तपत्री भाषेपेक्षा खचित अधिक शुद्ध होती.

म्हणून बाजारभावाचे वृत्त लिहिणाऱ्यांना एवढीच विनंती आहे, की 'कांदा कवडीमोल' असा मथळा देण्यापूर्वी तो कोणी केला, कोणत्या हुकुमाने आणि कोणत्या तारखेस, हा मजकूर त्यांनी मथळ्याखालच्या पहिल्या ओळीत द्यावा. आणि भाव केवळ आवकेनेच उतरला असेल, तर तसेही स्पष्ट लिहावे.