शिवणीची माया

घरी शिवलेले वस्त्र विकतच्या वस्त्राहून नीतीच्या दृष्टीने श्रेष्ठ होय काय, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक भासेल. परंतु ज्या गृहिणीने आयुष्यात प्रथमच कात्री हाती घेऊन मुलीसाठी उन्हाळ्याचा साधा, बिनबाह्यांचा झगा बेतावयास घेतला आहे, तिला तो तसा वाटत नाही. पन्हाळा तालुक्यातील कोडोलीसारख्या मोठ्या गावात तयार झगा आज सहज मिळतो. मग हा खटाटोप कशासाठी?

काटकसरीसाठी, असे उत्तर बहुधा मिळते. ते आम्हांस मान्य नाही. कापड, दोरा, इलॅस्टिक आणि नवशिक्या हाताने वाया घालविलेला तुकडा यांच्या बेरजेत दोन दुपारचे श्रम धरले, की हिशेब तोट्याचा निघतो. स्वावलंबनासाठी, असे दुसरे उत्तर. यंत्रांविषयी साशंक असलेल्या गांधीजींनीही 1924 साली शिवणयंत्राचा अपवाद केला, आणि सिंगरने पत्नीचे कंटाळवाणे कष्ट पाहून ते काढले, असे प्रेमळ कारण दिले. इतिहास इतका हळवा नाही. होवेचे पेटंट 1846 चे, सिंगरचे 1851 चे, आणि पुढे पैशासाठी दोघांत कज्जा झाला. त्याआधी 1831 साली पॅरिसच्या शिंप्यांनी तिमोनिएची यंत्रे पोटाच्या भयाने मोडून टाकली होती. घरी शिवणारी प्रत्येक आई गावच्या शिंप्याची एक शिलाई बुडविते, हेही स्वावलंबनाच्या उपासकांनी ध्यानी घ्यावे.

मग उरते काय? ते कळण्यास प्रत्यक्ष बेतावयासच बसले पाहिजे. सुती कापड प्रथम भिजवून वाळवावे. न भिजविलेले कापड पहिल्या धुण्यात आटते व झगा तोकडा होतो. मुलीची छाती 23 इंच असेल, तर दीडपट म्हणजे सुमारे 35 इंच घेर धरावा. दोन पाने केल्यास प्रत्येकी साडेसतरा इंच, आणि दोन्ही कडांस अर्धा-अर्धा इंच अधिक. या अधिक कापडास आपल्या शिंप्यांनी ‘माया’ असे नाव दिले आहे. शिवणीच्या आत लपणारे, दिसण्यास निरुपयोगी, पण ज्याच्यावाचून शिवण उसवते ते माया! बाजू जोडाव्या, वरच्या कडेस नेफा करून इलॅस्टिक ओवावे, खांद्यांस दोन पट्ट्या लावाव्या, आणि खालची दुमड तीन इंचांची ठेवावी. कच्चा दोरा घालून एकदा अंगावर पाहिल्याशिवाय पक्की टीप मारू नये.

या अंगावर पाहण्यातच आमच्या प्रश्नाचे मर्म आहे. इचलकरंजीत 1904 साली यंत्रमाग आला, तेव्हापासून आमच्या जिल्ह्यात कापड विपुल. दुर्मीळ आहे ते दुसऱ्याच्या देहाकडे दिलेले लक्ष. कारखान्यात माप सरासरीचे असते आणि माया बेताची, कारण प्रत्येक अर्ध्या इंचाचा हिशेब असतो. त्या हिशेबात माणसेही येतात. 24 एप्रिल 2013 रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझाची इमारत कोसळून अकराशेंहून अधिक जीव गेले. त्यांतील बहुतेक कपडे शिवणारे होते. आदल्या दिवशी भिंतींस तडे दिसले असताही त्यांना कामावर बोलाविले गेले. ज्या बाईने एक वाकडी शिवण तीनदा उसवली आहे, ती अतिस्वस्त झग्याची किंमत पाहून पूर्वीसारखी निःशंक राहत नाही. ती पुढल्या वर्षी तयार झगा घेणार नाही असे नव्हे. घेईलही, घरात वेळ कोणास आहे? पण तिला तो आपोआप शिवला गेला असे वाटणार नाही.

येथे मात्र एक सूक्ष्म अनीती शिरू शकते, आणि तिची चर्चा आमच्याकडे होत नाही. “मी एवढ्या कष्टाने शिवला, आणि तू घालीत नाहीस!” या एका वाक्याने देणगीचे कर्ज होते. खांद्याची पट्टी काचते की नाही, हे सांगण्याचा अधिकार घालणारीचा. शिवणारीच्या श्रमांनी तो रद्द होत नाही. आपली हौस मुलीच्या अंगावर चढवून तिला कृतज्ञतेच्या ओझ्याखाली शाळेत धाडणे, यापेक्षा दुकानातला झगा शतपट निर्दोष.

पुढल्या उन्हाळ्यात मुलगी वाढलेली असते. तेव्हा खालची दुमड उसवून झगा लांब करता येतो; मात्र जुन्या दुमडीची रेघ राहते आणि तिच्याखालचे कापड, ऊन न लागल्यामुळे, अधिक गडद दिसते. मुलीस ते खपले तर ठीक. न खपल्यास त्या कापडाची पिशवी करावी, किंवा वाकळेला ठिगळ लावावे, आणि तिला त्याविषयी काही बोलू नये.