घरी आहे म्हणजे मोकळी आहे का?



मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद झाली आणि आपल्या तरुण-तरुणींचे वर्ग मोबाईलवर आले. ती पुन्हा उघडायला ऑक्टोबर २०२१ उजाडला. नेटवर्क नाही, घरात मुले दोन आणि फोन एक, अशा अडचणी तेव्हा आम्ही सर्वांनी पाहिल्या. महामारी सरली, पण एक अडचण उरलीच. नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून नोकरी किंवा संसार सांभाळून पदवी घेणाऱ्यांना विचारा, ते सांगतील.

मुलगी कॉलेजला गेली की तिचा वेळ तिचा असतो. तीच घरी पुस्तक घेऊन बसली की तो सगळ्यांचा होतो. ‘जरा दूध बघ’, ‘पाहुणे आलेत, चहा टाक.’ हाक बहुधा मुलीलाच जाते. (मुलगा मोबाईल घेऊन बसला तर तो अभ्यास, मुलगी बसली तर तो नुसता मोबाईल!)

संत थॉमस अक्वायनस न्यायाचा अर्थ सांगतात तो असा की, ज्याचे त्याला देण्याची मनाची स्थिर इच्छा. शेताच्या बांधाबाबत आम्हाला हे चटकन कळते. दुसऱ्याचे लक्ष मात्र आम्ही पाच-पाच मिनिटांनी काढून घेतो आणि घरातले काहीच कमी झालेले दिसत नाही.

फ्रेंच विचारवंत सिमोन वेल यांनी १९४२ मध्ये विद्यार्थ्यांच्या अभ्यासावर एक निबंध लिहिला. गणित सुटो वा न सुटो, त्यावर एकाग्र झालेले मन प्रार्थनेसाठी तयार होत असते, असे त्यांचे म्हणणे. दुःखी माणसाकडे नीट पाहण्याची ताकदही तिथूनच येते. तसे असेल तर मोडलेल्या अभ्यासात केवळ गुणच जातात असे नाही.

मार्थाची तक्रार खोटी नव्हती, हेही मान्य करू. स्वयंपाक कुणीतरी करायलाच हवा होता. आई आजारी असताना पुस्तक मिटून उठणे ही प्रीतीच आहे. पण मुलगी स्वतःहून उठली तर ते तिचे देणे ठरते. तिला रोज गृहीत धरून उठवले, तर देण्याची संधीही आपण तिच्याकडे ठेवत नाही.

संध्याकाळी रोझरीसाठी आपण टीव्ही बंद करतोच. तो पुढे तासभर तसाच राहू द्यावा आणि त्या तासात चहा ज्याला हवा त्याने करून घ्यावा. ज्या घरांत बसायला जागाच नाही, तिथल्या विद्यार्थ्यांसाठी सभागृहाशेजारची खोली संध्याकाळी ७ ते ९ उघडी ठेवण्याचा विचार आहे. गरज असेल त्यांनी मिस्सानंतर कार्यालयात नाव द्यावे.