दैव हे पाचवे कारण

जन्मतःच एक हात कोपराखाली नसलेले बालक घरात आले म्हणजे आप्तेष्टांच्या मुखातून पहिला उद्गार बहुधा एकच निघतो, 'पूर्वजन्मीचे भोग!' बोलणाऱ्यास वाटते, आपण शास्त्र सांगितले. माता ते ऐकते आणि बाळाच्या अंगरख्याची बाही लांब शिवते. परंतु हे खरोखर शास्त्र आहे काय?

कर्मसिद्धान्त आम्हांस शिरसावंद्य आहे. तथापि कोणत्या कर्माचे कोणते फळ, हे ठरविण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? कर्माची गती गहन आहे, असे भगवंतांनी चौथ्या अध्यायात बजावले आहे. अठराव्या अध्यायात ते कर्मसिद्धीची पाच कारणे सांगतात: शरीररूपी अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे, नानाविध प्रयत्न आणि पाचवे दैव. जे पाचवे, त्यालाच आपण पहिले व एकमेव करून बसतो आणि उरलेल्या चारांतून स्वतःची सुटका करून घेतो.

प्राचीनांची दृष्टी अशी नव्हती. यज्ञातील प्राशित्रामुळे सवित्याचे हात तुटले, तेव्हा देवांनी त्याला सोन्याचे हात दिले, अशी कथा कौषीतकी ब्राह्मणात आहे. विश्पलेचा पाय युद्धात तुटला असता अश्विनीकुमारांनी तिला लोहाचा पाय बसविला, असे ऋग्वेद सांगतो. भोग म्हणून कोणी स्वस्थ बसले नाही.

आजही ही परंपरा खंडित नाही. पुण्यात सैनिकांसाठी कृत्रिम अवयव केंद्र १९४४ साली निघाले; कानपूरचे कृत्रिम अवयव निर्माण निगम १९७२ सालचे. लखनऊच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विश्वविद्यालयात असे अवयव बसविले जातात, आणि तेथील डॉ. शकुंतला मिश्रा राष्ट्रीय पुनर्वास विश्वविद्यालयात ही विद्या शिकविली जाते. कोणता हात खांद्याच्या हालचालीने ओढल्या जाणाऱ्या तारेवर चालतो, कोणता स्नायूंतील सूक्ष्म विद्युत्संकेत ओळखून मूठ मिटतो. मूल वाढते तसा तो वेळोवेळी बदलावा लागतो. त्याला स्पर्शज्ञान मात्र नसते. म्हणून पुष्कळ मुले तो काढून ठेवतात.

येथेच धर्माचा सूक्ष्म प्रश्न उभा राहतो. लखनऊस एका मराठी गृहस्थांकडे गेलो असता त्यांची लहान नात देवासाठी फुलांचा हार गुंफीत बसली होती. कोपराखालच्या आखूड भागाने दोरा छातीशी धरून उजव्या हाताने ती सुई चालवीत होती. कृत्रिम हात बाजूस पडला होता. आजीने हलकेच म्हटले, "अगं, हात घाल, पाहुणे आलेत." मुलीने हात चढविला आणि हार अर्धाच राहिला. तो पाहुणा मी होतो. माझ्या दृष्टीस बरे वाटावे म्हणून देवाचा हार थांबला, याची लाज मला आजही वाटते.

वेदान्तशास्त्रात पाणि हे कर्मेंद्रिय म्हणजे ग्रहण करण्याची सूक्ष्म शक्ती. मांसाचा हात हे तिचे केवळ गोलक, बाह्य स्थान. त्या बालिकेस एक गोलक नव्हते; परंतु शक्तीने आपला मार्ग शोधला होता. कृत्रिम हात त्या शक्तीच्या सेवेस असेल तर तो सवित्याचा सुवर्णहस्त होय. लोकलज्जेच्या सेवेस असेल तर ती केवळ लांब बाहीच होय.

म्हणून गृहस्थाश्रमी बंधुभगिनींनो, असे बालक घरी आल्यास साधन अवश्य मिळवावे. त्यासाठी द्रव्य वेचण्यास वा दूरचा प्रवास करण्यास मागेपुढे पाहू नये. मात्र ते केव्हा घालावे व केव्हा उतरवून ठेवावे, हे त्या बालकास ठरवू द्यावे; कारण पाच कारणांत कर्ताही आहे, आणि येथे कर्ता ते बालक आहे. आपल्याकडे प्रयत्नाचा वाटा आला आहे. तो निष्ठेने उचलावा आणि दैवाची चर्चा भगवंतांवर सोपवावी.