तीनशेपैकी दीडशे

परदेशातून वैद्यकीय पदवी घेऊन आलेल्या भारतीय विद्यार्थ्याला इथे डॉक्टर म्हणून नोंदणी करायची, तर एफएमजीई ही परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. २००२ च्या नियमांनी ती अस्तित्वात आली. ३०० प्रश्न, अडीच-अडीच तासांचे दोन भाग, चुकीच्या उत्तराला गुणकपात नाही आणि १५० गुण मिळाले की पास. रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान, फिलिपिन्स इथून परतलेली महाराष्ट्रातली कितीतरी मुले या एका आकड्यासाठी रात्रीचा दिवस करत असतात. अनेकांच्या मागे आईवडिलांनी काढलेले कर्ज असते. त्यांची घाई समजण्यासारखी आहे. तरीही या उजळणीकडे थोडे थांबून पाहायला हवे.

पदव्युत्तर प्रवेशाच्या नीट-पीजीसारख्या परीक्षेत इतरांच्या पुढे जायचे असते. परवान्याच्या परीक्षेत क्रमांक लागत नाही, कुणाला हरवायचे नसते. या माणसाच्या हाती अनोळखी रुग्ण सोपवायला हरकत नाही, एवढी ग्वाही समाजाला द्यायची असते. ही ग्वाही डोळ्यांपुढे ठेवली की ‘काय विचारतील’ या प्रश्नाआधी ‘काय आलेच पाहिजे’ हा प्रश्न उभा राहतो. या दोन्हींची उत्तरे बरीच जुळतात, पण पूर्ण जुळत नाहीत. त्यांच्यामधल्या फटीतच धोका आहे.

एफएमजीईत विषय १९ आहेत. मेडिसिनला ३३ गुण, सर्जरीला ३२, स्त्रीरोग-प्रसूती आणि कम्युनिटी मेडिसिनला ३०-३०, तर अ‍ॅनेस्थेशियाला अवघे ५. वेळ कमी असलेला विद्यार्थी साहजिकच हिशेब मांडतो: मोठे विषय धरा, लहान सोडा, जुन्या प्रश्नपत्रिका घोटा, हमखास विचारले जाणारे ‘हाय-यील्ड’ तेवढे पाठ करा. दीडशे गाठायला हा हिशेब पुरतोही. पण त्या पाच गुणांच्या विषयातच श्वासमार्ग मोकळा ठेवणे आणि सीपीआर येते. पन्नास टक्क्यांवर उत्तीर्ण होणाऱ्याला कुठले पन्नास टक्के सोडायचे हे ठरवता येते. दारात आलेल्या रुग्णाला आपला आजार डॉक्टरच्या सोडलेल्या भागात आहे की धरलेल्या, हे कळायचा मार्ग नसतो.

वैद्यकाचा गाभा सुट्या माहितीच्या ढिगात सापडत नाही. विषय जिथे एकमेकांना जोडले जातात तिथे तो असतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचे काम याचे आपल्या मातीतले उत्तम उदाहरण. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे आणि लहान मुले दगावत होती. हातपाय गार पडायचे, दरदरून घाम यायचा, रक्तदाब चढायचा आणि पुढे फुप्फुसात पाणी भरायचे. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून हा क्रम टिपला. विषामुळे अ‍ॅड्रेनालिनसारख्या द्रव्यांचा शरीरात पूर येतो आणि अल्फा रिसेप्टर चेतून रक्तवाहिन्या आवळतात, ही फिजिऑलॉजी. ते रिसेप्टर अडवणारे, उच्च रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन, ही फार्माकॉलॉजी. दोन्ही गोष्टी वैद्यकीय विद्यार्थी आधीच्या वर्षांत शिकतात. बावस्करांनी त्या रुग्णाच्या खाटेशी एकत्र आणल्या आणि या दंशाने होणारे मृत्यू झपाट्याने घटले.

म्हणून उजळणी रुग्णाकडून मागे, मूळ शास्त्राकडे जाणारी हवी. जुलाबाने सुकलेल्या मुलाला क्षारसंजीवनी का चालते? कारण आतड्यात ग्लुकोज सोडियमला सोबत घेऊन आत शिरते आणि त्यांच्यामागे पाणी जाते. कॉलऱ्यातही हा मार्ग शाबूत राहतो. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच आधारावर तोंडावाटे द्रव देऊन असंख्य जीव वाचवले. हे एकदा उमगले की बायोकेमिस्ट्री, बालरोग आणि कम्युनिटी मेडिसिन असे तीन विषय एकाच वेळी उजळतात. पाठ केलेले काही आठवड्यांत विरते. कारणासकट समजलेले विसरले, तरी पुन्हा जुळवता येते.

दुसरी गोष्ट आठवण्याची. चार पर्याय समोर असले की उत्तर ओळखता येते. रुग्ण मात्र पर्याय घेऊन येत नाही. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी पुढे होते. आठवडा गेल्यावर मात्र न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात अधिक राहिले. रंगीत नोट्स चौथ्यांदा वाचताना सगळे येते असे वाटते. वही मिटून, पर्याय झाकून उत्तर मांडले, तरच काय येते ते समजते.

प्रत्येक विद्यार्थ्याने गुणांच्या हिशेबाबाहेरची एक छोटी यादी करावी आणि तिच्यात स्वतःला शंभर टक्क्यांची अट घालावी. अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये अ‍ॅड्रेनालिन मांडीच्या स्नायूत आणि ताबडतोब. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव. जन्मल्यावर न रडलेले बाळ. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते, खूण दिसतही नाही, पहाटे पोटात दुखते आणि पापण्या मिटू लागतात, ते ओळखणे. यांतले काहीही मोठ्या रुग्णालयात पाठवेपर्यंत थांबत नाही आणि यांतले बरेच काही प्राथमिक आरोग्य केंद्रात एकट्या पडलेल्या नव्या डॉक्टरपुढेच येते.

परीक्षा घेणाऱ्यांनीही हा विचार करावा. एकूण गुणांची बेरीज एका विषयातले अज्ञान दुसऱ्यातल्या गुणांनी झाकते. जिथे चूक झाली तर जीव जातो, असे मोजके प्रश्न वेगळे काढून त्यांत उत्तीर्ण होणे सक्तीचे करावे. तसे होईपर्यंत ती सक्ती विद्यार्थ्याने स्वतःवर लादून घ्यावी. दीडशे गुणांनी नोंदणी क्रमांक मिळतो. त्या क्रमांकावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाला मात्र डॉक्टरच्या दीडशेशी काही देणेघेणे नसते, त्याला त्याच्या एका प्रश्नाचे उत्तर बरोबर हवे असते.