चौथ्यांदा तेच गाणं

गेल्या लगीनसराईत एका वरातीत बेंजो पार्टीच्या टेम्पोमागून रमतगमत चाललो होतो. ‘झिंगाट’ तिसऱ्यांदा वाजून झालं आणि बेंजोवाल्या मास्तरांनी एक नवं गाणं काढलं. चाल झकास होती, ठेकाही नाचाजोगा. पण पोरांचे वर गेलेले हात हळूहळू खाली आले. कुणी रुमालानं मान पुसायला लागलं, कुणी मोबाइल काढला, नवरदेवाचा मामा पाण्याची बाटली शोधू लागला. दीड मिनिटात मास्तरांनी ऑक्टोपॅडवाल्याकडे बघून मान हलवली आणि चौथ्यांदा तेच सुरू झालं. बाजूला उभ्या असलेल्या काकवासुद्धा पुन्हा रिंगणात आल्या. २०१६ सालचं गाणं हे. त्यातली निम्मी पोरं तेव्हा प्राथमिक शाळेत असतील.

गाणं का चाललं, असं विचारलं की उत्तरं ठरलेली असतात. चाल सोपी आहे, ठेका पकडतो, शब्द आपल्या मातीतले आहेत. यातलं काहीच खोटं नाही. पंचाईत एवढीच की ही सगळी लक्षणं असलेली आणि तरीही सपशेल पडलेली गाणी कितीतरी सापडतील. यश मिळाल्यावर सांगितलेली कारणं म्हणजे लग्न लागल्यावर जुळवलेली पत्रिका. गुण छत्तीसच्या छत्तीस जमतात.

या प्रश्नावरचा मला ठाऊक असलेला सर्वात सुंदर प्रयोग २००६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आला. मॅथ्यू सॅल्गॅनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या तिघांनी एक संकेतस्थळ उभारलं आणि त्यावर फारशा कुणाला माहीत नसलेल्या बँडांची ४८ गाणी ठेवली. चौदा हजारांवर लोक आले. गाणी ऐकायची आणि आवडेल ते फुकट उतरवून घ्यायचं, एवढंच काम. काही लोकांना फक्त गाण्यांची नावं दिसत. बाकीच्यांची आठ वेगवेगळ्या ‘जगांत’ वाटणी केली होती, आणि प्रत्येक जगात कुठलं गाणं आधी किती जणांनी उतरवलं याचा आकडा शेजारी दिसे. आठही जगांची सुरुवात शून्यापासून, गाणी तीच. तरी प्रत्येक जगाचा विजेता एकच निघाला नाही. ‘५२ मेट्रो’ नावाच्या बँडचं ‘लॉकडाउन’ हे गाणं आकडे न दिसणाऱ्या गटात सव्विसावं, म्हणजे अगदी मधलं. तेच एका जगात पहिलं आलं आणि दुसऱ्या जगात चाळिसावं. अगदी चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, अगदी टाकाऊ सहसा वर आली नाहीत. मधल्यांचं मात्र काहीही होऊ शकत होतं.

आपल्याकडे हा प्रयोग त्याच्या अर्धशतक आधी, कुणी प्रयोग न म्हणता झाला होता. बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि त्यांच्या अभिजात आवडीपायी आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळपास हद्दपार झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. तिथे १९५२च्या डिसेंबरात अमीन सायानींच्या आवाजात ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. पुढे तिच्यात गाणी ‘पायदान’ चढू-उतरू लागली ती रेकॉर्डच्या दुकानांतली विक्री आणि श्रोता संघांची पसंती यांच्या हिशेबानं. पण बुधवारी रात्री जे गाणं चार पायऱ्या चढलं, त्याची रेकॉर्ड गुरुवारी दुकानात कोण मागणार नाही? मागणी दिसली की दुकानदार आणखी प्रती मागवणार, आणि तीच विक्री फिरून यादीत येणार. यादी लोकांची आवड मोजत होती, तशी घडवतही होती. आमच्या आधीच्या पिढीला अमुक गाणं कितव्या पायदानावर होतं हे आजही आठवतं, सिनेमाची गोष्ट मात्र आठवत नाही!

मोजणाराच बदलला तर काय होतं, ते अमेरिकेनं १९९१ साली पाहिलं. तोवर ‘बिलबोर्ड’च्या याद्या बऱ्याच अंशी दुकानातली माणसं काय खपलं म्हणून सांगतात, त्यावर बेतलेल्या असत. त्या वर्षी बारकोडवरून खरी विक्री मोजायला सुरुवात झाली आणि रॅपचे, कंट्रीचे अल्बम भराभर वर आले. ऐकणारे तेच होते, कालपर्यंत ते पुरेसे कुणाच्या गणतीत नव्हते.

इथवर आलं की लोक म्हणतात, मग काय, मेंढरंच सगळी! हा निष्कर्ष मला पटत नाही. ‘सैराट’चंच बघा. संगीतकार अजय-अतुल, सिनेमा एक, जाहिरात एक. ‘याड लागलं’साठी थेट लॉस एंजेलिसमध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा बसवला होता, आणि ते गाणं लोक डोळे मिटून ऐकतात. वरातीनं मात्र ‘झिंगाट’ उचललं. त्याच्या ध्रुवपदाला गळा लागत नाही, दम लागतो. ते सुरात म्हणण्यापेक्षा ओरडून म्हणण्यात जास्त मजा आहे, आणि बेंजोच्या चिरक्या आवाजात त्याचं काही बिघडत नाही. कारागिरीशिवाय हे होत नाही. पण कारागिरीनं गाणं मांडवाच्या दारापर्यंत येतं. पुढचं काम थिएटरांत झालं. लोक खुर्च्यांमधून उठून नाचले आणि एकमेकांना नाचताना त्यांनी पाहिलं. त्या प्रयोगातला शेजारचा आकडा इथे हाडामांसाचा होता.

वरातीत नाचणाऱ्याला चांगलं गाणं हवं असतंच, पण त्याहून जास्त त्याला हवं असतं ते सगळ्यांना येणारं गाणं. मला पुढची ओळ ठाऊक आहे आणि तुलाही ती ठाऊक आहे, हे मला ठाऊक आहे. रिंगण उभं राहतं ते या भरवशावर. कितीही सरस असलं तरी नवं गाणं हा भरवसा पहिल्या दिवशी देऊ शकत नाही. २०२४ साली संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ रील्समधून घरोघरी पोचलं, त्यातही हेच झालं. वहिनीनं केलं, शेजारच्या बाईंनी केलं, आणि गाणं कितीजणांनी वापरलं तो आकडा तिथेच छापलेला. आपण करायचं ते आपलं एकट्याचं वेड दिसणार नाही, याची ती हमी. यात मेंढरूपण असेल, तर आपण सगळे मराठी बोलतो त्यातही आहे.

जेवणाच्या पंगतीत मास्तर शेजारीच बसले होते. त्यांना म्हटलं, ते नवं गाणं वाया गेलं की हो.

“वाया कशाचं? नाचायला लावलंच नव्हतं ते. नुसतं कानावरनं घालायचं असतं आत्ता. ह्या सीझनला प्रत्येक वरातीत मिनिट-दीड मिनिट वाजवतोय. पुढल्या साली बघा.”

“म्हणजे पुढल्या साली चालणार?”

मास्तरांनी जिलेबी मठ्ठ्यात बुडवली. “गेल्या साली अशी पाच घातली होती. एक लागलं. कुठलं लागणार ते आधी कळलं असतं, तर बाकीच्या चारांची प्रॅक्टिस कशाला केली असती?”