एका आगबोटीची दोन नावे



जर्मनीतील रेगेन्सबर्ग शहरात डॅन्यूब नदीच्या काठाला एक जुनी चाकांची आगबोट बांधून ठेवली आहे. आज तिचे संग्रहालय झाले आहे. हिचा जन्म त्याच शहरातल्या गोदीत १९२२-२३ सालचा, नाव 'रुटहॉफ'. मालाने भरलेले पडाव मागे बांधून नदीतून ओढत नेणे हे तिचे काम. १९४४ साली हंगेरीत एर्शेकचनाद गावापाशी पाण्यातल्या सुरुंगाने ती बुडाली. युद्धानंतर हंगेरीच्या लोकांनी तिला वर काढले, दुरुस्त केले, आणि जिथे बुडाली त्या गावाचेच नाव तिला दिले. त्या नावाने तिने पुष्कळ वर्षे पडाव ओढले. म्हातारपणी ती माहेरी परत आली.

मग तिचे खरे नाव कोणते? जन्मदात्यांनी दिलेले, की गाळातून काढणाऱ्यांनी दिलेले? संग्रहालयवाले दोन्ही नावे जोडून लिहितात. मला ते न्यायाचे वाटते. हंगेरीचे नाव पुसले असते, तर ज्यांनी तिला वाचवले त्यांचे कष्टही पुसले गेले असते.

आपल्याला हे नवे नाही. आपल्या पूर्वजांचे गलबत नवगावपाशी फुटले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बुडालेल्यांना तिथेच पुरले, असे आपले वडीलधारे सांगत आले. ज्या गावांनी थारा दिला त्यांचीच आडनावे झाली: नवगावकर, पेणकर, किहीमकर. बायबलातले नाव पुढे, कोकणातले गाव मागे.

पण नुसते नाव राखले म्हणजे मान राखला, असेही नाही. याच रेगेन्सबर्गमधून १५१९ साली यहुद्यांना हाकलले, सिनेगॉग पाडले, कबरस्तान उद्ध्वस्त केले. तिथले कोरीव दगड लोकांनी विजयाची खूण म्हणून घरांच्या भिंतींत बसवले. काही आजही दिसतात, हिब्रू अक्षरांसकट. नावे तिथेही टिकली! आगबोटीला नाव दिले ते तिला बुडण्यातून काढणाऱ्यांनी. हे दगड मिरवले ते कबरी मोडणाऱ्यांनी. माझ्या मते हा फरक दगड किंवा लोखंड पाहून कळत नाही, कोणी तरी शेजारी उभे राहून सांगावा लागतो. म्हणून ते दगड आता भिंतीतून काढू नयेत, पण त्यांची हकीकत सांगितल्याशिवाय कोणाला दाखवूही नयेत.

हे सारे मनात घोळायला कारण घरचेच. माझ्या नातवाच्या नावनोंदणीच्या वेळी लेक म्हणाली, "बाबा, ते 'कर' आता कशाला? इथे कोणाला उच्चारता येत नाही." मी तिला रागावलो नाही. उच्चाराचा त्रास मीही चाळीस वर्षे काढला आहे. आगबोटीची गोष्ट सांगून म्हटले, दोन्ही लिही. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला: फॉर्मवर तेवढी जागाच नाही.